भौगोलिक कारण द्या, ताई

ताई, मुक्ताचा निकाल लागला. पण लगेच सांगणार नाही. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाहीत, आधी दोन उलटे प्रश्न विचारलेत. मग आज तुम्हीही थोडा धीर धरा. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट पडलंय, ते मिटल्याशिवाय मला पुढे काही सुचायचं नाही.

तुमचं त्सुकुबाचं घर अजून पुरतं रिकामं झालेलं नाही. विनय दर रविवारी जातो आणि एखाददुसरं खोकं घेऊन येतो. त्यातल्या तुमच्या मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या ठेवायला जागा नाही, म्हणून मी त्या स्वयंपाकघरात मसाल्यांच्या वरच्या फळीवर मांडल्यात. परवा हळद समजून मी कुठल्याशा टेकडीची माती डाळीत घालणार होते. तुम्ही असता तर आधी हसला असतात, आणि मग ती माती पिवळी का, हे मला सांगायला लावलं असतंत.

तुम्ही विनयच्या थोरल्या बहीण, म्हणजे रीतीप्रमाणे माझ्या वन्सं. लग्नानंतर पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तशी हाक मारली होती. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात की अशी हाक ऐकली की नाटकात उभं असल्यासारखं वाटतं, साधं ताई म्हण. तेव्हा तुम्ही इथे जपानात, त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत मातीवर काम करत होतात, एकट्या राहत होतात आणि एक छोटी पांढरी गाडी बेदरकारपणे चालवत होतात. पुढे विनयची बँकेने तोक्योला बदली केली आणि आम्ही तिथल्या फुनाबोरी भागात आलो. तीन वर्षांची बदली लांबत गेली, मुक्ता इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गेली. सासरचं माणूस म्हणून जवळपास तुम्ही एकट्याच होतात. सासर असं एकाच माणसात मिळालं तर ते किती तिखट लागतं, हे मी कुणालाही सांगू शकते.

मुक्ता हायस्कूलला गेली त्या वर्षी तिने घरी येऊन सांगितलं की देशपातळीवर भूगोलाची स्पर्धा असते आणि तिला त्यात उतरायचंय. मला आनंद झाला. मी शाळेत असताना जिल्ह्यातल्या सामान्यज्ञान स्पर्धेत बक्षीस मिळवलेली बाई. मी लगेच पुण्याहून भावाकडून दोन जाडजूड पुस्तकं मागवली आणि रोज जेवताना पोरीला धरलं. सर्वांत लांब नदी, सर्वांत खोल सरोवर, मंगोलियाची राजधानी, कुठल्या देशाला किनारा नाही. बिचारी घास गिळत उत्तरं द्यायची. मराठीतला प्रश्न, मनात जपानीतलं उत्तर आणि तोंडात पोळी, अशी तिची कसरत चालायची. राजधान्या तर तिला अशा पाठ झाल्या की मी शेजारणींसमोर तिला उभी करायचे.

पहिल्या फेरीतच ती बाहेर पडली. परीक्षा कॉम्प्युटरवर होती, पर्याय निवडायचे होते, आणि त्यात एकही राजधानी विचारली नव्हती. तीन शहरांचे पावसाचे आलेख दिले होते, कुठला कुणाचा ते ओळखायचं होतं. एका बाजाराचा फोटो होता, तो कुठल्या ऋतूत काढला असेल ते सांगायचं होतं. आकाशातून टिपलेली गोल गोल हिरवी शेतं होती, ती गोलच का, असा प्रश्न होता. माझ्या भ्रमाचा भोपळा तिथे फुटला.

त्या शनिवारी तुम्ही पिशवीभर कमळकाकडी घेऊन आलात. मुक्ता खोलीचं दार लावून बसली होती. मी तुम्हाला पुस्तकं दाखवली आणि विचारलं की एवढं करूनही कमी काय पडलं. तुम्ही पानं चाळलीत आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलंत.

"अगं, तू पोरीला जगाचा हजेरीपट पाठ करून घेतलास. पण त्यातला कुणी गैरहजर का आहे, ते विचारलंस का कधी?"

मला राग आला होता. पण रागापेक्षा मोठी माझी चौकसबुद्धी, हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. मी कमळकाकडी धुता धुता विचारत गेले आणि तुम्ही, नवल म्हणजे, त्या दिवशी बऱ्यापैकी सरळ सांगितलंत. तीन चाळण्या असतात. पहिली कॉम्प्युटरवरची, तिच्यात देशभरातली मुलं बसतात. तिच्यातून वर आलेल्यांनाच दुसरीला बोलावतात, तिथे हाताने लिहायचं असतं, नकाशा आणि आकडे समोर ठेवून कारणं मांडायची असतात. तिच्यातून निवडलेल्या थोड्या मुलांना तिसऱ्या फेरीला एखाद्या अनोळखी गावात सोडतात. ते गाव पायी फिरून बघायचं, आपल्या हाताने नकाशा काढायचा आणि दिलेल्या अडचणीवर उपाय सुचवून परीक्षकांसमोर त्याची बाजू मांडायची. त्यातून चौघं निवडतात, तो जागतिक स्पर्धेला जाणारा देशाचा संघ. मी विचारलं, भारतीय पासपोर्टवाली मुलगी जपानच्या संघात कशी बसेल? तुम्ही म्हणालात, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी तरीही मुक्ताच्या शाळेतल्या सरांना चौकशी करायला लावलीच. इथेच शिकलेल्या, इथेच वाढलेल्या मुलांना चालतं, असं त्यांनी विचारून सांगितलं.

मग तुम्ही मुक्ताच्या दारावर टकटक केलीत आणि आतल्या आत रडणाऱ्या पोरीला विचारलंत, ही कमळकाकडी आमच्या इबाराकी प्रांतातूनच एवढी का येते, भौगोलिक कारण दे. आपल्या शाळेच्या पेपरात असायचा तो प्रश्न. मुक्ताला 'भौगोलिक' हा शब्दच माहीत नव्हता. पण दार उघडलं.

तिथून शनिवार सुरू झाले. तुम्ही त्सुकुबाहून आकिहाबाराला यायच्यात, तिथून थोडं चालून दुसरी गाडी पकडायच्यात आणि दुपारी फुनाबोरीला उतरायच्यात. मुक्ता तिकिटाच्या फाटकापाशी उभी असायची. मग तुम्ही दोघी घरी न येता परस्पर भटकायला जायच्यात. स्टेशनसमोरच्या मनोऱ्यावर चढून तुम्ही तिला नद्या दाखवायच्यात, त्या पाण्याच्या पातळीखाली वसलेली घरं दाखवायच्यात, आणि खाली उतरून त्याच घरांच्या दारातून चालवायच्यात. एकदा मीही तुमच्याबरोबर आले होते. नदी बघायला आपण जिना चढून बांधावर गेलो आणि मी म्हटलं, हे काय विपरीत, आमच्याकडे नदीवर उतरून जातात. मुक्ता माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागली. तिच्या मते नदी ही वर असणारीच वस्तू होती. तुम्हाला एवढा आनंद झाला की तुम्ही तिथल्या तिथे बांधावर बसकण मारलीत आणि आम्हा दोघींना एकेक नदी चितारायला लावलीत. माझी चंद्रभागेसारखी, पायऱ्यापायऱ्यांची. तिची डोक्यावरची.

पुढच्या वर्षी तिने पहिली फेरी पार केली. दुसरीत असा काहीसा प्रश्न आला की सखल भागात पूर आला तर लोकांनी कुठे जावं. तिने शाळा, उंच रस्ते, जिने, म्हाताऱ्यांची चाल असं सगळं मांडलं. ते वाचून तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारली नाहीत, नुसतं म्हणालात की अक्षर बरं काढत जा. तिसऱ्या फेरीचं बोलावणं आलं तेव्हा मात्र तुम्ही फोनवर ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलंत.

आता भांडणाकडे येते. तिसऱ्या फेरीची तयारी म्हणून तुम्ही मुक्ताला आपलाच भाग दिला होतात. फुनाबोरी आणि शेजारच्या निशी-कासाईत एवढे भारतीय का राहतात, कारणं शोधून आण. ती आठवडाभर हिंडली आणि तुमच्या मनासारखं उत्तर घेऊन आली. ऑफिसांच्या भागात थेट जाणारी रेल्वे, जामीनदार न मागता मिळणारी सरकारी घरं, सखल जमीन म्हणून त्यातल्या त्यात कमी भाडं. तुम्ही खूश. मी म्हटलं, सगळं खोटं. मी इथे टिकले ती रेल्वेमुळे नाही. खालच्या मजल्यावरच्या भारतीय बाईंनी मला पहिल्या आठवड्यात कुठल्या दिवशी कुठला कचरा ठेवायचा ते शिकवलं, मुक्ताच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा त्याच माझ्याबरोबर टॅक्सीत बसल्या, म्हणून टिकले. माणसं माणसांपाशी राहतात.

"आणि त्या बाई इथे का होत्या?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, त्यांची बहीण इथे होती. बहीण इथे का होती? तिच्या नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक इथे होते. ते इथे का होते? मी चिडून म्हटलं, भाडं कमी होतं म्हणून. तुम्ही हात झटकलेत आणि पोळीचा तुकडा मोडलात. माणूस हे कारण नसतं, माणूस हा परिणाम असतो, असं तुम्ही मुक्ताला सांगितलंत, जसं काही मी त्या खोलीत नव्हतेच.

मी काही सोडणारी नव्हते. मी म्हटलं, मग तुम्ही इतकी वर्षं त्सुकुबात एकट्या का राहता, त्याचं भौगोलिक कारण द्या. तुम्ही म्हणालात, संस्था तिथे आहे, रस्ते रुंद आहेत, गाडी लावायला जागा आहे. मी विचारलं, मग दर शनिवारी एवढं अंतर तोडून इथे का येता? आमच्याकडे तर गाडी लावायलाही जागा नाही. मुक्ता तोंडावर हात घेऊन हसायला लागली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही घड्याळ बघितलंत, उठलात, दारात बसून बूट घालायला लागलात. नाडी बांधता बांधता मान वर करून म्हणालात, "थांब, एक उदाहरण आहे माझ्याकडे. पुढच्या शनिवारी सांगते."

कसलं उदाहरण, ताई? तेव्हापासून मी हेच विचारतेय. रोज नवं काहीतरी सुचतं. तुमच्या संस्थेतली कुणाची गोष्ट असेल का? साताऱ्याला तुमच्या आईच्या शेजारी कायम राहिलेल्या त्या बिऱ्हाडाची असेल? की तुमचीच काही असेल, जी तुम्ही आम्हाला कधी कळू दिली नाहीत? विनय म्हणतो, तिच्याकडे उदाहरण वगैरे काही नव्हतं, गाडी चुकू नये म्हणून तिने तुला गप्प केलं. तो तुमचा भाऊ, तुम्हाला जास्त ओळखतो. तरी मला पटत नाही. आणि खरं कोडं तर वेगळंच आहे. ते उदाहरण तुमच्या बाजूचं होतं की माझ्या, हेही मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात तेव्हा तुमचा आवाज वाद जिंकायला निघालेल्या माणसासारखा नव्हता.

पुढच्या शनिवारी मुक्ता नेहमीप्रमाणे फाटकापाशी उभी राहिली. एक गाडी गेली, दुसरी गेली. तुम्ही उशिरा येणाऱ्यातल्या नव्हेत, उलट आम्ही उशीर केला की बोलणाऱ्यातल्या. तिने मला फोन केला. मी म्हटलं, आकिहाबाराला पुस्तकात डोकं घालून बसल्या असतील. तिने जपानीत सांगितलं की नाही, आत्याला काहीतरी झालंय. तुमचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. विनयने तुमच्या इमारतीच्या व्यवस्थापकांना फोन लावला आणि आम्ही तिघं निघालो. आम्ही पोचेपर्यंत पोलिसांनी येऊन दार उघडलेलं होतं. तुम्ही आदल्या रात्री झोपेतच गेला होतात, हृदय थांबलं, त्रास झाला नसावा असं डॉक्टर म्हणाले. खुर्चीवर तुमची शनिवारची पिशवी भरून ठेवलेली होती. त्यात वाळवलेली रताळी होती आणि मुक्तासाठी लांब पट्टी.

तुमच्या इमारतीतली माणसं दारात येऊन वाकून नमस्कार करत होती, पण त्यांच्यापैकी कोणाला तुम्ही शुक्रवारी दिसला होतात की नाही, हे कोणालाच सांगता येईना. त्यात त्यांची चूक काही नाही. तुम्हीच कधी कोणाला दाराच्या आत घेत नव्हतात. शनिवार नसते, तर आम्हाला कधी कळलं असतं?

अग्नी दिल्यावर इथल्या रीतीप्रमाणे आम्हाला एका टेबलाभोवती उभं केलं. दोघांनी मिळून लांब काड्यांनी एकेक अस्थी उचलायची आणि भांड्यात ठेवायची. विनयबरोबर मुक्ता उभी राहिली. तिने हे आधी कधी केलं नव्हतं, पण केलं नीट, तुम्ही शिकवल्यासारखं, घाई न करता. मी तुमच्यावर किती रागवायचे, ताई, आणि तुमच्या त्या शनिवारांनी माझ्या मुलीला किती दिलं, हे मला त्या टेबलापाशी उभं राहून कळलं. आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, विषय बदलू नकोस.

घरी आल्यावर मुक्ता म्हणाली की ती तिसऱ्या फेरीला जाणार नाही. आत्या नाही तर कशाला. विनय समजावत बसला, मी ओरडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या शाळेतल्या सरांनी सांगितलं की शेवटच्या दिवसापर्यंत नाव काढणार नाही, तिला वेळ द्या. मी मग काही बोलायचं बंद केलं. मला बोलणं बंद करणं किती जड जातं, ते तुम्हाला सांगायला नको. शनिवार आला. मी कपडे वाळत घालत होते, तर ही पायात बूट घालून बाहेर. कुठे जातेस म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी परत आली ती बुटांना चिखल लावून, आणि जेवताना सांगायला लागली की बांधाजवळचं तोफूचं दुकान बंद झालंय, आणि ते मालक म्हातारे झाले म्हणून नाही, तर शाळेच्या फाटकाची दिशा बदलली आणि तो रस्ता ओस पडला म्हणून. मी वाढता वाढता थांबले. विनयने मला डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नकोस. मी तिला आणखी एक पोळी वाढली.

ती तिसऱ्या फेरीला गेली, ताई. तोक्योच्या पश्चिमेला डोंगरउतारावर वसवलेली एक जुनी वसाहत होती, लिफ्ट नसलेल्या इमारतींची. मुलं शहराकडे गेलेली, मागे म्हातारे राहिलेले, आणि वसाहतीतलं एकुलतं एक दुकान बंद पडलेलं. भाजी, दूध, औषधं विकणारी एक गाडी तिथे फिरणार आहे, तिने कुठे थांबावं ते ठरवा, असा प्रश्न होता. हातात कोरा नकाशा, आणि फिरायला दुपारपर्यंतचा वेळ.

स्पर्धेतल्या मुलांनी काय काय मोजलं असेल, ते तुम्हाला दिसतंच आहे. चढ, पायऱ्या, कुठल्या इमारतीत किती बिऱ्हाडं, रस्त्याची रुंदी. मुक्तानेही ते सगळं मांडलं. त्या हिशोबाने गाडी खालच्या चौकात थांबायला हवी होती, आणि बहुतेकांनी तीच जागा दाखवली. मुक्ताने मात्र वरची एक अडचणीची जागा निवडली. तिथे एका भिंतीपाशी कोणीतरी घरातल्या जुन्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. एक जेवणाच्या टेबलाची, एक ऑफिसची, एक लहान मुलाची. तिघीचौघी म्हाताऱ्या तिथे बसलेल्या होत्या. मुक्ता त्यांच्यापाशी जाऊन बसली आणि गप्पा मारून आली. तिने लिहिलं की माणसं आधीच जिथे थांबतात, तिथे गाडीने थांबावं.

हे तिला कोणी शिकवलं? तुम्ही नक्कीच नाही. आणि मीही नाही, मी फक्त भांडत होते.

पण तिसऱ्या फेरीत नुसतं लिहून भागत नाही, परीक्षकांसमोर बाजू मांडावी लागते. एका वयस्क बाईंनी तिला अडवलं. त्यांनी विचारलं की या खुर्च्यांवरची माणसं म्हातारी आहेत, उद्या ती गेली तर तुझ्या उत्तराचा पायाच जाईल, चढ आणि रस्ते तरी जागेवर राहतील, मग तुझी जागा बरोबर कशी? ताई, मला ऐकताना वाटलं, तुम्हीच विचारताय. मुक्ता हे सगळं मला जपानीत सांगत होती, हातवारे करत, ओट्यापाशी उभी राहून. स्वतःचं उत्तर मात्र तिने थांबून, शब्द जुळवत, मराठीत सांगितलं.

"मी म्हटलं, गाडी नेहमी तिथेच थांबली तर कोण आलं नाही ते लगेच कळेल. आणि कोणीतरी जाऊन दार वाजवेल. आमची आत्या आली नाही, तेव्हा आम्हाला तसंच कळलं."

त्या बाईंनी नुसती मान लववली म्हणे.

निवड झाली, ताई. चौघांत चौथी, म्हणजे अगदी काठावर, पण संघात आहे. विनय तुमच्या फोटोसमोर उभा राहून रडला, मी पेढे केले, मुक्ता झोपून गेली. आणि मी इथे बसलेय. मुक्ताचं उत्तर माझ्या बाजूचं आहे. माणूस हे कारण असतं. वाद मी जिंकले. आता या, आणि मला खोडून काढा.